बिडी, बैठक आणि वेळेआधीची पेन्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकतीस वर्षं आस्थापना शाखेत काढली, त्यातली शेवटची बारा पेन्शनच्या टेबलावर. निवृत्त झाल्यावर फाइली सुटल्या, माणसं सुटली नाहीत. आठवड्याला दोन-चार फोन ठरलेले: "भावाला मेडिकल बोर्डापुढे पाठवलंय, काय करायचं?" प्रश्न फिरून फिरून तेच, तंबाखू, बसून राहणं आणि आजारपणानं वेळेआधी सुटणारी नोकरी यांचे, म्हणून एकदाचे लिहून काढले. शरीराबद्दलचा भाग एका डॉक्टर मित्राला वाचायला दिला होता. त्यांनी दोन ठिकाणी लाल पेन चालवलं, ते दुरुस्त केलंय. नियमांबाबत एवढंच की तुमच्या सेवेचं नियमपुस्तक माझ्या शब्दाच्या वर.

१. रुग्णता निवृत्ती म्हणजे काय? स्वेच्छानिवृत्तीपेक्षा ती वेगळी कशी?

शरीर किंवा मन कायमचं कामाला नाही म्हणू लागलं आणि वैद्यकीय मंडळानं तसा दाखला दिला, की नियत वयाआधीच सेवेतून मोकळं करतात. त्यावर मिळतं ते रुग्णता निवृत्तिवेतन. स्वेच्छानिवृत्ती आपण मागतो, तिला वीस वर्षांची सेवा लागते आणि आजारपण सिद्ध करावं लागत नाही. रुग्णतेत सगळा भार दाखल्यावर.

राज्य सरकारी कर्मचाऱ्याचं नियत वय ५८, वर्ग चारचं ६०. एकोणपन्नासाव्या वर्षी घरी बसणारा माणूस नऊ वर्षांचा पगार, नऊ वेतनवाढी आणि नशिबात असता तर एखादा वेतन आयोगही मागे टाकून जातो. पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते, म्हणून हा तोटा जन्मभर दर महिन्याला भरावा लागतो. लोक औषधाचा खर्च मोजतात, हा मोजत नाहीत.

२. बिडी-सिगारेटचा नोकरीशी काय संबंध? कॅन्सर व्हायचा तर कुणालाही होतो.

कॅन्सरच्या भीतीनं बाकीचं झाकलं जातं. माझ्या टेबलावर आलेल्या फाइलींत कॅन्सर थोडे होते. जास्त होते ते हृदय, पक्षाघात, दमा वाटणारं पण दमा नसलेलं फुप्फुस, पाठ आणि पाय.

आमच्या इमारतीत अभिलेख कक्ष तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बहुतेक बंद. तिथले अभिलेखापाल चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून नोटीस बोर्ड वाचायचे. रोज तोच बोर्ड, त्यावर मुदत संपलेली तीच निविदा सूचना. आम्ही थट्टा करायचो, "भाऊ, टेंडर भरताय काय?" पुढे कळलं की पोटरीत गोळा यायचा, दोन मिनिटं उभं राहिलं की जायचा आणि पुन्हा वीस पायऱ्यांनी यायचा. पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की असं होतं. वरच्या खिशात बिडीचं बंडल कायम. नंतर अंगठ्याला चप्पल लागून झालेली जखम भरेना, काळी पडली, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी गुडघ्याखालून पाय गेला. याला बर्जरचा आजार म्हणतात. तो तंबाखूशिवाय सहसा होतच नाही, पन्नाशीच्या आतल्या पुरुषांना गाठतो, आणि त्यावरचा खरा उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद. कमी करून भागत नाही.

बाकीचं थोडक्यात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो, निकोटीन नाडी आणि रक्तदाब वाढवतं, रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं. त्यातून झटका आणि पक्षाघात. फुप्फुसाची झीज वर्षानुवर्षं मुकाट चालते आणि दम लागायला लागतो तेव्हा बरंच गेलेलं असतं. मणक्यांमधल्या गाद्यांना मुळातच रक्तपुरवठा तुटपुंजा, तो आणखी आटतो, म्हणून ओढणाऱ्यांत पाठदुखी जास्त. मोडलेलं हाड जुळायला वेळ लागतो. मधुमेहाचा धोका ३० ते ४० टक्क्यांनी वाढतो.

दाखल्यावर मात्र 'इस्केमिक हार्ट डिसीज' (हृदयाला रक्त कमी पडणं) लिहिलं जातं, 'सीओपीडी' (दमा वाटणारं तेच झिजलेलं फुप्फुस) लिहिलं जातं. बारा वर्षांत एकाही दाखल्यावर 'बिडी' हा शब्द मी वाचला नाही. हिशेबाच्या वहीत उचल एका पानावर आणि वसुली दुसऱ्या पानावर असली की गोंधळ होतो, तसं हे आहे.

३. हे कुणी मोजलंय का, की डॉक्टरांची नेहमीची भीती?

मोजलंय, मुख्यतः फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या देशांत. तिथे प्रत्येक नागरिकाला एक ओळख क्रमांक असतो आणि त्यावरून आरोग्याची माहिती, नोकरी, पेन्शन सगळं एकमेकांशी जोडून पाहता येतं. अपंगत्वाची पेन्शन कुणाला, कधी आणि कोणत्या आजारासाठी मिळाली याची सरकारी नोंद असते. आपल्याकडे पेन्शनची फाइल आणि दवाखान्याचा केसपेपर यांची गाठ बोर्डाच्या टेबलावर पडते तेवढीच.

हेलसिंकी महापालिकेच्या चाळिशीपुढच्या कर्मचाऱ्यांना २००० ते २००२ मध्ये सवयी विचारल्या आणि पुढे वर्षानुवर्षं कोण अपंगत्वानं निवृत्त होतं ते पाहिलं. फावल्या वेळात दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांत ते प्रमाण कमी निघालं. धूम्रपानाबाबत या देशांतल्या अभ्यासांचा कल एकाच दिशेचा आहे: ओढणाऱ्यांना अपंगत्वाची पेन्शन जास्त आणि लवकर.

इथे हुशार वाचक हटकतो: आधीच आजारी असलेला माणूस व्यायाम करत नाही, मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? शिवाय बिडी ओढणारे बहुधा कष्टाच्या कामातले, कमी शिकलेले. शंका रास्त आहे. म्हणून हे अभ्यास शिक्षण आणि कामाचा प्रकार यांची वजावट करून पुन्हा मोजतात. संबंध थोडा सैल होतो, सुटत नाही. फिनलंडनं १९७० च्या दशकापासून जुळ्या भावंडांचा माग ठेवलाय, म्हणजे एकाच घरात वाढलेल्या दोघांची तुलना करता येते. त्यातही धूर आणि बसून राहणं हे दोन्ही पुढे पेन्शनच्या नोंदीत उगवतात.

४. मी ओढत नाही, फक्त तंबाखू मळतो. आई मिश्री लावते. आम्हाला हे लागू होतं का?

महाराष्ट्रात खरं तर हाच पहिला प्रश्न हवा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. आपलं व्यसन गालात असतं.

फुप्फुसाचं नुकसान धुरानं होतं, तेवढं तुमचं टळतं. निकोटीन मात्र तेच, नाडी आणि रक्तदाब तसेच वर. आणि तोंड. सुपारी-गुटख्यानं गालाचं अस्तर ताठ होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. तीन बोटं उभी मावली पाहिजेत, आत्ता आरशासमोर करून पाहा. तोंड न उघडणारा शिक्षक वर्गात काय करणार? तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेला वाहक स्टॉपचं नाव पुकारणार कसा? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि पानटपरीवर काय चालतं ते मी सांगायला नको.

मिश्रीबद्दल घरात बोलणं अवघड असतं, कारण आई म्हणते दात साफ होतात. भाजलेली तंबाखूच ती. दिवसाला एकदाची चार वेळा झाली की दातांसाठी राहिली नाही असं समजा.

५. दिवसाला दोन-तीनच ओढतो. तेवढ्यानं काय होतं?

हिशेब सरळ असता तर वीसऐवजी एक ओढणाऱ्याला विसावा धोका असता. फुप्फुसाच्या कॅन्सरला हे बऱ्यापैकी लागू पडतं. हृदयाला नाही. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याच्या हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो, असं २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं. बोर्डापुढे नेणारं मोठं कारण हृदय, त्यामुळे 'दोन-तीनच' या शब्दाचा आधार घेऊ नका. बिडी लहान दिसते म्हणून हलकी नसते. ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात.

६. व्यायामाचा इथे काय संबंध? आणि किती पुरतो?

आपल्या एसटीवाल्यांनी मनावर घ्यावी अशी एक जुनी गोष्ट आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली आणि १९५३ मध्ये ती प्रसिद्ध केली. एकच खातं, एकच बस, तशाच वस्तीतली माणसं. चालक दिवसभर बसलेला. वाहक तिकिटं फाडत दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढणारा. झटके वाहकांना बरेच कमी, आणि आले तरी त्यातून दगावण्याचं प्रमाणही कमी. चालकांचे गणवेश कंबरेला मुळातच मोठे असायचे, तेही मॉरिस यांनी पुढे मोजून पाहिलं.

किती हवा? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलंय: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, म्हणजे चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस. वर आठवड्यातून दोनदा स्नायूंचं काम. जोर-बैठका त्यात चोख बसतात. दिवसाला पंचवीस मिनिटं पायी चाललात तरी खालची मर्यादा गाठता. २०२२ च्या अंदाजानुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ तेवढंही करत नाहीत. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२. बाई घरकाम आणि नोकरी दोन्ही करते, तिला अर्धा तास कुठून आणायचा हे कुठलंच मार्गदर्शन सांगत नाही, हेही खरं.

७. माझं कामच अंगमेहनतीचं. मग वेगळा व्यायाम कशाला?

हमाल, बांधकामावरचे, सफाई कामगार, गोदामातले सगळे हे विचारतात, आणि रागानं विचारतात. रागही बरोबरच आहे, कारण आठ तास पोती उचलणाऱ्याला 'सकाळी फिरायला जा' सांगणाऱ्याला हसू येत नसेल तर त्यानं पोतं उचललेलं नाही.

पण शरीर दोन्हीत फरक करतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी याला शारीरिक हालचालीचा विरोधाभास असं नाव दिलंय: फावल्या वेळातली हालचाल माणसाला जपते, कामावरची जड मेहनत झिजवते. व्यायामात हृदयाची गती थोडा वेळ वर जाते आणि मग विश्रांती मिळते. कामावर ती थोडीशी वर जाऊन आठ-दहा तास तशीच राहते, रक्तदाबही तसाच चढलेला. थांबायचं कधी हे मुकादम ठरवतो. वजन एकाच बाजूनं, वाकून, पिळून उचललं जातं आणि सावरायला दिवस मिळत नाही. म्हणून जड काम करणाऱ्यांत पाठ-गुडघ्याच्या कारणानं वेळेआधीची निवृत्ती जास्त.

मग करायचं काय? आणखी दमणं हा उपाय नव्हे. आधी झोप. मग पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंची दहा-पंधरा मिनिटं, शक्य तर फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून. सुट्टीच्या दिवशी रमतगमत चालणं, ओझ्याशिवाय. आणि काम करताना बिडीची सुट्टी घेण्याची पद्धत आहे ना, ती सुट्टी घ्या, बिडी सोडा. बऱ्याच जणांच्या बाबतीत बिडी हा थांबण्याचा एकमेव मान्य बहाणा असतो. मी स्वतः सतरा वर्षं ओढली. टेबलावरून उठून जिन्याखाली पाच मिनिटं उभं राहायला मिळायचं म्हणून निम्म्या तरी ओढल्या असतील.

८. मी रोज तालमीत जातो, दहा किलोमीटर सायकल मारतो. मग एखादी सिगारेट चालेल ना?

नाही. व्यायामानं धूर रद्द होत नाही. व्यायाम करणारा धूम्रपी बसून राहणाऱ्या धूम्रप्यापेक्षा बरा, आणि न ओढणाऱ्या व्यायामीपेक्षा वाईट. 'एखादी'चा हिशेब प्रश्न ५ मध्ये आहे.

९. पन्नाशी आली. आता सोडून काय मिळणार?

ब्रिटनमधल्या डॉक्टरांवरचा एक अभ्यास १९५१ ला सुरू होऊन पन्नास वर्षं चालला. आयुष्यभर ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी झालं. तिशीत सोडणाऱ्यांची जवळजवळ दहाही वर्षं वाचली, चाळिशीत सोडणाऱ्यांची नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन.

नोकरीच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की सगळे अवयव सारखे परतत नाहीत. हृदयविकाराचा जादा धोका वर्षभरात साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे पन्नाशीत सोडली तर निवृत्तीला सात-आठ वर्षं असताना फायदा हातात. फुप्फुसाचं तसं नाही. गेलेलं परत येत नाही, पण झिजण्याचा वेग न ओढणाऱ्याच्या वेगाजवळ येतो. तिसरा मजला चढता येणं आणि न येणं यात तेवढाच फरक असतो कधी कधी.

१०. सोडली की वजन वाढतं, चिडचिड होते. नेमकी सोडायची कशी?

वजन वाढतं, खोटं कशाला बोलू. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो. त्यानं होणारं नुकसान ओढत राहण्याच्या नुकसानापुढे किरकोळ. चालणं इथे दुहेरी कामाला येतं: वजन आवरतं आणि तलफ आली की दहा मिनिटं झपझप चाललं तर ती उतरते. तलफ पाच-सात मिनिटांची पाहुणी असते.

सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट. निकोटीनचा २ मिलिग्रॅमचा गम औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. तो चघळत बसायचा नाही, थोडा चावून गालात ठेवायचा. तंबाखू मळणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. जास्त ओढणाऱ्यांसाठी डॉक्टर गोळ्या देतात, त्या स्वतःच्या मनानं घेऊ नका. एकदा सोडून पुन्हा धरली तर लाजायचं कारण नाही, माझी चौथ्या खेपेला सुटली.

११. पाठ धरलीय. अशात चालायचं की झोपून राहायचं?

पाय बधिर होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप किंवा वजन उतरणं यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, आजच. तसं नसेल तर साध्या पाठदुखीत आठवडाभर अंथरुणाला खिळणं आता कुणी सुचवत नाही. झेपेल तेवढं चालतं राहायचं. वैद्यकीय रजेवर तीन महिने झोपून काढलेला माणूस परत येतो तेव्हा दुखणं तेच असतं आणि स्नायू गेलेले असतात, आणि मग खरोखरच बोर्डाकडे जावं लागतं.

१२. पक्षाघात झाला. साहेब म्हणतात, "रुग्णता पेन्शन घे, सुटशील." घ्यावी का?

सही करण्याआधी थांबा. हे उत्तर दोनदा वाचा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० (४) नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना कमी करू शकत नाही, पदावनतही करू शकत नाही. आधीचं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर न्यायचं. तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा, पद तयार करून योग्य पद मिळेपर्यंत किंवा नियत वयापर्यंत, जे आधी होईल तोवर ठेवायचं. १९९५ च्या जुन्या कायद्यात हेच कलम ४७ होतं, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये कुणाल सिंग प्रकरणात सांगितलं की रुग्णता पेन्शन मंजूर झाली म्हणून हा हक्क जात नाही. ते शिपाई होते, पाय गमावलेले. निमलष्करी दलांतल्या लढाऊ पदांना आता अधिसूचनेनं यातून सूट आहे.

आता अडचणीची जागा. या कायद्याच्या अनुसूचीत २१ प्रकारची दिव्यांगता आहे. पक्षाघातानं लुळा पडलेला हात, कापलेला पाय, गेलेली दृष्टी, पार्किन्सन, मानसिक आजार हे त्यात बसतात. हृदयविकार आणि सीओपीडी यांची नावं त्यात नाहीत. म्हणजे बिडीनं ज्याचा पाय नेला त्याला कलमाचा आधार सरळ मिळतो, आणि ज्याची फुप्फुसं नेली त्याला भांडावं लागतं. कायद्यातल्या 'दीर्घकालीन क्षती' (शरीराची किंवा मनाची लांब टिकणारी उणीव) या व्याख्येवर युक्तिवाद करता येतो, पण त्यासाठी सेवाविषयक प्रकरणं पाहणारा वकील गाठा. अर्ज लेखी द्या, 'पर्यायी पद' हे शब्द घाला आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं आस्थापना शाखेला ऐकू येत नाही. मी तिथेच होतो.

१३. मी खासगी कारखान्यात आहे. मला काय मिळेल?

दोन दारं आहेत: पीएफची पेन्शन आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा.

कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये नेहमीची पेन्शन ५८ व्या वर्षी, दहा वर्षांची सेवा असेल तर. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण कमी पडणाऱ्या दर वर्षामागे ४ टक्के कापले जातात, म्हणजे पाच वर्षं आधी घेतली तर जवळजवळ पाचवा हिस्सा गेला, कायमचा. शरीर थकलं म्हणून बरेच जण हीच घेतात आणि फसतात. कारण त्याच योजनेत कायमच्या संपूर्ण अपंगत्वाची वेगळी पेन्शन आहे. तिला दहा वर्षांची अट नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालते, आणि वय कमी म्हणून कपात होत नाही. अपंगत्व कामावरच यायला हवं असंही नाही. मात्र नोकरीत असताना आलेलं हवं आणि मंडळाची तपासणी होते. राजीनामा देऊन मग अर्ज करायला आलेली माणसं मी हात चोळत परत जाताना पाहिलीत. रकमेच्या अपेक्षा माफक ठेवा: १५,००० रुपयांच्या मर्यादेवर पंचवीस वर्षांच्या सेवेचे होतात सुमारे ५,३५७ रुपये महिना.

ईएसआयमध्ये आजारपणाचा लाभ ९१ दिवस, वेतनाच्या ७० टक्के. पक्षाघात, कर्करोग अशा ठरावीक दीर्घ आजारांत, सलग दोन वर्षांची नोकरी असेल तर, ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत वाढवून मिळतो. जन्मभराचा अपंगत्व लाभ मात्र कामावरच्या दुखापतीसाठी किंवा कामामुळे जडलेल्या आजारासाठी. बिडीनं आलेला झटका त्यात बसत नाही.

१४. दाखल्यात "व्यसनामुळे" असं आलं तर पेन्शन नाकारतात का? डॉक्टरांपासून लपवू का?

ही भीती हवेतून आलेली नाही. इंग्रजी अमदानीतल्या सेवा नियमांत वैद्यकीय दाखल्याचा एक नमुना होता आणि त्यात डॉक्टरला लिहावं लागे की ही असमर्थता अनियमित किंवा असंयमी सवयींमुळे आलेली दिसत नाही. रोख दारूवर होता. त्या वाक्याचे वंशज काही सेवांच्या नियमांत अजून आहेत. म्हणून तुमच्या सेवेतला दाखल्याचा नमुना आधी मागवून वाचा.

माझ्या बारा वर्षांत बिडी-तंबाखूवरून रुग्णता पेन्शन अडलेली एकही फाइल मी पाहिली नाही. दारूवरून शेरे आलेले पाहिलेत. डॉक्टरांपासून लपवण्याचा तोटा वेगळाच: रोज किती ओढता यावर भूल द्यायची कशी, पाय वाचवता येईल का, औषध कोणतं, हे ठरतं. विमा कंपनीच्या फॉर्मवर लपवणं तर सरळ पायावर धोंडा. तिथे मिश्रीही तंबाखूच धरतात.

१५. माझी सरकारी सेवेची दहा वर्षं झालेली नाहीत. शिवाय मी एनपीएसवाला (नव्या, वर्गणीच्या पेन्शन योजनेतला). मला रुग्णता पेन्शन मिळेल का?

केंद्रानं जानेवारी २०१९ च्या दुरुस्तीनं दहा वर्षांच्या आतल्या कर्मचाऱ्यालाही रुग्णता पेन्शन खुली केली, आणि २०२१ च्या नियमांत एनपीएसवाल्याला अशा वेळी जुन्या पद्धतीचे लाभ निवडण्याची सोय दिली. महाराष्ट्रानं मार्च २०२३ च्या शासन निर्णयानं आपल्या एनपीएसधारकांना रुग्णता निवृत्तिवेतन लागू केलं. विकल्पाचा फॉर्म भरलाय का हे आज बघा. तो फॉर्म सेवापुस्तकाला लावलेला नसला की घरच्यांची वणवण ठरलेली.

१६. मला सुपारीचंही व्यसन नाही, रोज चालायचो. तरी बोर्डापुढे यावं लागलं. मग या सगळ्याला अर्थ काय?

हे पत्र एका शिक्षिकेचं होतं. संधिवातानं बोटं वाकलेली, खडू धरता येत नव्हता. अक्षर मात्र अजून सुंदर.

वर सांगितलेलं सगळं शंभर माणसांबद्दल खरं आहे, एका माणसाबद्दल त्यातून काहीच ठरत नाही. संधिवात, मेंदूचे आजार, अपघात, जन्मजात दोष, कुणी ओढलं-न-ओढलं पाहत नाहीत. तिकडच्या देशांत तर अपंगत्वाच्या पेन्शनची दोन मोठी कारणं म्हणजे हाडं-स्नायूंची दुखणी आणि मानसिक आजार. नैराश्यानं सेवा सोडलेल्या माणसाला "चालायला जायचंस ना" असं ऐकवणाऱ्या नातेवाइकांना घरात घेऊ नका. आणि ज्यांनी ओढली त्यांनाही ऐकवू नका. अभिलेखापालांना निरोप देताना आमच्यातल्या एकानं भाषणात बिडीचा उल्लेख केला होता. कुबड्या खुर्चीला टेकवून ते खाली बघत बसले होते.

१७. बोर्डापुढे जाताना काय न्यायचं?

मूळ केसपेपर आणि दोन-दोन छायाप्रती. एक्स-रे आणि एमआरआय फिल्मसकट, नुसता रिपोर्ट पुरत नाही. दम लागण्याची तक्रार असेल तर स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी), हृदयाची असेल तर २डी इको (हृदयाची सोनोग्राफी), दोन्ही गेल्या काही महिन्यांतले. दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) असल्यास ते. तुमच्या पदाच्या कामाचं स्वरूप एका पानावर, कार्यालय प्रमुखाच्या सहीनं: किती उभं राहावं लागतं, किती जिने, किती वजन. हा कागद कुणीच नेत नाही आणि डॉक्टर पहिला तोच विचारतात. पर्यायी पदाचा अर्ज दिला असेल (प्रश्न १२) तर त्याची पोच. पेन्शनच्या काही भागाची रक्कम एकदम हवी असेल, म्हणजे अंशराशीकरण, तर रुग्णता पेन्शनवर त्यासाठी पुन्हा वैद्यकीय तपासणी होते, तेव्हा हीच फाइल जपून ठेवा.

सकाळी नऊला जा, डबा न्या, सोबत एक माणूस न्या. बोर्डाची खोली बहुतेक सिव्हिल हॉस्पिटलांत वरच्या मजल्यावर असते. लिफ्ट चालू आहे का, ते आदल्या दिवशी विचारून घ्या.